विमलची साक्ष

संक्रांतीचा तिळगूळ आमच्याकडे खिडकीत ठेवला जाई. शेजारपाजारची माणसं यायची, बाबा तळहात पुढे करून वडी घ्यायचे, गोड बोला म्हणायचे, चेहऱ्यावर बेताचं हसू असायचं, आणि माणूस जिना उतरला की ती वडी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून द्यायचे. तोंडात नाही, डब्यात नाही. दुपारपर्यंत तिथे मुंग्यांची रांग लागायची आणि आई ओल्या फडक्यानं कट्टा पुसून घ्यायची. बाबा सरकारी वकील होते. आज जो शेजारी आहे तो उद्या आरोपीचा मेहुणा म्हणून समोर उभा राहणार नाही कशावरून, असं त्यांचं म्हणणं. म्हणून कुणाचं काही घ्यायचं नाही आणि कुणाकडे जेवायचं तर नाहीच. एकदा आम्ही घरी नसताना कुणीतरी दाराशी आंब्यांची पेटी ठेवून गेलं. बाबांनी ती स्कूटरला बांधली आणि विचारत विचारत ज्याची त्याला नेऊन दिली. आंबे पिकलेले होते. स्कूटरला तो वास पुढे कितीतरी दिवस येत होता, आणि शाळेतून आले की मी जिन्याखाली उभी राहून तो घेत असे. वास घेणं हे घेण्यात मोडतं का, हे मी बाबांना कधी विचारलं नाही.

आम्ही नाशिक रोडला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. आजूबाजूची बहुतेक माणसं नोटा छापायच्या सरकारी प्रेसमध्ये नोकरीला. सकाळी भोंगा झाला की गल्लीतून सायकली सुटायच्या, संध्याकाळी भोंगा झाला की त्याच सायकली परत यायच्या आणि सगळ्या घरांतून एकदम फोडणीचा वास उठायचा. आमचं घर त्या भोंग्यावर चालत नव्हतं. बाबा कोर्टातून कधी यायचे याचा नेम नसे, त्यामुळे आईचा कुकर सगळ्यांच्या नंतर शिट्ट्या द्यायचा. खालच्या ओट्यावर बायका जमत. आईला पहिल्या वर्षी हळदीकुंकवाची बोलावणी आली होती. ती गेली, कुंकू लावून घेतलं, आणि वाण तिथेच पाटावर ठेवून परत आली. दुसऱ्या वर्षी बोलावणी कमी झाली आणि मग थांबली. आईनं त्याबद्दल तक्रार केल्याचं मला आठवत नाही. ती रेडिओ लावायची, आवाज अगदी बारीक ठेवायची, आणि ज्वारी निवडता निवडता मध्येच हात थांबवून ओट्यावरचं हसणं ऐकत राहायची.

जेवायला बसलो की बाबा मला विचारायचे, सुधा, आज काय झालं? मी सांगायला लागायचे की शाळेत अमक्या मुलीनं तमकीची पट्टी चोरली. ते घास थांबवायचे. तू पाहिलंस? नाही, वर्गातल्या मुली म्हणत होत्या. मग ते तुझं नाही, ते म्हणायचे, पाहिलेलं तुझं, ऐकलेलं दुसऱ्याचं. आवाज चढलेला नसायचा. रागावणं त्यांच्यात नव्हतंच. पण सांगायला गेलेलं सगळं असं वजा होत गेलं की माझ्याकडे उरायचं काय? मला मैत्रिणी नव्हत्या. ज्या मुलीच्या घरी पोहेसुद्धा खायचे नाहीत तिच्या घरी जाणार किती वेळा? तेव्हा मी पाहिलेलं म्हणजे फळा, बस आणि खिडकी. त्या जेवणातला आणखी एक नियम होता. 'आठवत नाही' हे उत्तर चालायचं नाही. बाबा म्हणायचे, ज्या साक्षीदाराला खोटं बोलायचं धाडस होत नाही आणि खरं बोलायचंही होत नाही, तो हे उत्तर देतो. ते उत्तर आलं की आपण समजायचं, आत काहीतरी आहे.

परवा आमच्या कॉलनीच्या सभागृहात सरकारी वकिलांच्या कार्यालयानं मुलांसाठी कार्यक्रम ठेवला होता. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप फिरत होता, मी नातवंडांच्या वयाच्या मुलांमागे जाऊन बसले. तिशीतली एक वकीलबाई होती, हसरी, हातात माइक. मोबाइलवर कुणी धमकी दिली तर काय करायचं, पोलिसांनी बोलावलं तर कुणाला सोबत न्यायचं, हे तिनं छान सांगितलं. मग मुलांकडून खोटा खटला चालवून घेतला. साक्षीदार झालेल्या पोरानं छातीवर हात ठेवून शपथ म्हणायला सुरुवात केली तशी ती म्हणाली, 'अरे, स्वतःच्या नावानं नको. नाटकातल्या दुकानदाराच्या नावानं घे.' सगळे हसले. मी उठले आणि चहा यायच्या आधी घरी आले. एवढं एक वाक्य त्या वेळी कुणी बोललं असतं, तर हे प्रकरण मला लिहावं लागलं नसतं.

मुलांचं कोर्ट ही बाबांचीच कल्पना. पंचवटीतल्या भाजीबाजाराच्या मागे नगरपालिकेची शाळा होती. त्या गल्ल्यांतली पोरं बाजारात वावरायची आणि कधी मारामारी, कधी पाकीटमारी पाहायची. मग साक्षीला बोलावलं की कोर्टात येऊन थरथरायची. समोरचा वकील जे विचारेल त्याला हो म्हणायची. बाबांच्या हातातले खटले असे पोरांच्या भीतीपायी गेले होते. त्यांनी साहेबांना विचारून शाळेतला एक वर्ग मागून घेतला आणि शनिवारी सकाळी मला स्कूटरवर घेऊन तिथे जाऊ लागले, सुट्टीचा शनिवार असला की हटकून. पगारी कामात ते बसत नव्हतं. वर्गात न्यायाधीशासाठी मास्तरांची खुर्ची, आणि साक्षीदाराचा पिंजरा म्हणजे बाजारातून आणलेली टोमॅटोची रिकामी खोकी, तीन बाजूंनी एकावर एक रचलेली. मध्ये पोर उभं राहायचं. खोक्यांना नासक्या टोमॅटोचा आंबूस वास असायचा. पोरांची पोलिसांविषयीची भीती जावी म्हणून बाबांनी तिथल्या चौकीतल्या एका हवालदारांनाही बोलावलं होतं. ते मागच्या बाकावर बसून चहात खारी बुडवून खायचे, आणि पोरं त्यांच्या टोपीला हात लावून बघायची.

त्या कोर्टात सगळं खोटं होतं. चोरीला गेलेली कोंबडी खोटी, दुकानदार खोटा, आरोपी खोटा. शपथ मात्र खरी होती. बाबांना ती खोटी देताच यायची नाही. पिंजऱ्यात पोर उभं राहिलं की ते स्वतः उभे राहायचे, आवाज बदलायचा, आणि कोर्टात म्हणतात अगदी तशीच, शब्द न शब्द, ते म्हणवून घ्यायचे: ईश्वरसाक्ष शपथ घेते की खरं सांगेन, खोटं सांगणार नाही. इतर पोरं ती पाढ्यासारखी म्हणून टाकायची.

विमलला मी पहिल्यांदा पाहिलं ते त्या खोक्यांमध्ये. माझ्याच वयाची, आठवीतली, तेल लावून घट्ट वेण्या घातलेली, पायात भावाच्या चपला. तिच्याकडे शेजारणीचं काम होतं आणि चोराला कोंबडी नेताना पाहिलं एवढंच तिनं म्हणायचं होतं. शपथ झाली, बाबांनी विचारलं, 'त्या दिवशी तुम्ही काय पाहिलंत?' विमलनं पायातल्या चपलांकडे पाहिलं. सगळी पोरं तिला खुणावू लागली. मग ती म्हणाली, 'म्या काय बी नाय पाहिलं. मी तवा शाळेत व्हते.' वर्ग फुटला हसून. हवालदारांच्या हातातली खारी चहात पडली. बाबा तेवढे हसले नाहीत. त्यांनी तिला दुसरी शपथ दिली नाही की समजावूनही सांगितलं नाही. स्कूटरवरून परत येताना मात्र अर्धा रस्ता ते तिच्याबद्दलच बोलत होते. असा साक्षीदार आयुष्यात एक भेटला तरी पुरे, म्हणाले. मी त्यांच्या पाठीला टेकून बसले होते आणि मला ते शब्द पाठीतून ऐकू येत होते. माझ्याबद्दल असं ते कधी बोलले नव्हते.

तरीही ती माझी मैत्रीण झाली. माझी म्हणावी अशी ती एकच. कोर्ट संपल्यावर बाबा मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून पुढच्या आठवड्याच्या खटल्यांचे कागद वाचायचे, हवालदारही तिथेच चहाला थांबायचे, त्यात तास-दीड तास जायचा. विमल मला ओढून बाजारातून घरी न्यायची. मूळची सिन्नरकडची माणसं ती, वडील नव्हते, आई बाजारात भाजी निवडायची आणि मोठा भाऊ उत्तम हमाली करायचा. एका खोलीचं घर, समोर पत्र्याचा पडवीसारखा तुकडा. पहिल्या दिवशी तिच्या आईनं मला बसायला पोतं दिलं आणि ताटली पुढे सरकवली. बाजरीची भाकरी, लसणाचा ठेचा, पीठ पेरून केलेली कांद्याची पात. मी म्हटलं, मला चालत नाही. तिच्या आईनं विमलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 'का ग बाय, आमच्या हातचं?' त्या काय विचारताहेत ते मला कळलं. मी भाकरी मोडली. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी आलं, विमल हसली, तिची आई हसली, आणि मला वाटलं, हे असं असतं होय. घरी आल्यावर आईनं माझ्या हाताचा वास घेतला. 'साबण लावून धू,' एवढंच म्हणाली, 'लसूण लवकर जात नाही.' बाबांना ती काही बोलली नाही. त्यानंतर दर शनिवारी मी त्या घरी जेवले आणि दर शनिवारी घरी परत येऊन पुन्हा जेवले.

पावसाळ्यानंतर बाजारात मारामारी झाली. मालाची गाडी आधी कुणाची लागायची यावरून दोन टोळ्या भिडल्या आणि एका हमालाच्या डोक्यात पोती ओढायचा लोखंडी आकडा बसला. तो सरकारी दवाखान्यात बरेच दिवस बेशुद्ध होता. दोन पोरं फरार झाली, त्यातला एक उत्तम. आकडा कुणी मारला ते मी पाहिलं नाही, तेव्हा ते माझं नाही. पण त्या जखमी हमालाची बायको रोज कोर्टाच्या पायरीवर येऊन बसायची, हे बाबांनी पाहिलं होतं, आणि ते जेवताना आम्हाला सांगायचे. खटला अजून उभाही राहिला नव्हता, तिला तिथे काही काम नव्हतं. पण बाबा आत जाताना ती उठून उभी राहायची आणि बाहेर येताना पुन्हा उभी राहायची. विचारत काही नाही, बाबा म्हणायचे, नुसती उभी राहते. तेव्हा त्यांचा घास ताटातच राहायचा. मी पहिल्यांदाच बाबांना असं थकलेलं पाहिलं.

आणि मला माहीत होतं. मारामारीनंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी मी विमलबरोबर तिच्या घरी गेले, तर उत्तम पडवीत मांडी घालून जेवत होता. दाढी वाढलेली, अंगात दुसऱ्याचा सदरा. हवालदार शनिवारी सकाळी शाळेत बसलेले असतात हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, म्हणून तो शनिवारीच यायचा. हवालदार शाळेतून निघेपर्यंत त्याच्या आईच्या घरी त्याला भीती नव्हती. मला पाहून त्याचा हात थांबला. मग तो हसला, दात पांढरेशुभ्र.

'वकिलाची पोरगी ना ही? मग आता जेवू का पळू?'

'जेव गपचिप,' त्याची आई म्हणाली. 'तिनं आपल्या घरचं मीठ खाल्लंय.'

'मीठ काय, ठेचा पन खाल्लाय. रडत रडत.' मग माझ्याकडे वळून, 'काय ग, काय पाहिलं तू?'

'काही नाही,' मी म्हटलं. तो खूश झाला आणि त्यानं स्वतःच्या ताटातली कांद्याची पात माझ्या ताटात वाढली. विमल माझ्या शेजारी अगदी चिकटून बसली होती, आणि तिचा दंड गरम लागत होता.

पुढचं मला नीट लिहायला हवं. हा प्रसंग मी माझ्या नवऱ्याला एकदा सांगितला होता, तेव्हा प्रश्न सहज तोंडून गेला असं सांगितलं. बाबांचीही तीच समजूत होती, किंवा तशी ती आहे असं मी धरून चालले. तसं नव्हतं. घरी जेवताना बाबा त्या पायरीवरच्या बाईबद्दल बोलले की माझ्या जिभेवर उत्तर असायचं. पण ते दिलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: तू कुठे पाहिलंस? आणि मग भाकरी, ठेचा, सगळे शनिवार. मी बाबांना उत्तम देऊ शकत होते, पण स्वतःला दिल्याशिवाय नाही. तेव्हा मला त्यांचंच एक वाक्य सुचलं. वकिलानं स्वतः साक्ष द्यायची नसते, ते म्हणायचे. वकील फक्त विचारतो. सांगतो तो साक्षीदार.

त्या महिन्यात माझी वकील व्हायची पाळी होती. साक्षीदार म्हणून विमलला मीच मागून घेतलं. खटला होता विहिरीवरच्या मोटरच्या चोरीचा. ठरलेले प्रश्न बाबांनी मला लिहून दिले होते. आणखी एक प्रश्न मी आठवडाभर न्हाणीघरात, बादलीत पाणी सोडून, पाठ केला. त्यामागे पायरीवरच्या बाईची दया होती, हे खोटं नाही. पण तेवढीच होती म्हटलं तर ते खोटं होईल. मला पाहायचं होतं की शपथ घेतल्यावर विमल काय करते. ती खोटं बोलली असती तर बाबांनी तिच्याबद्दल काढलेला तो शब्द पुसला गेला असता. खरं बोलली असती तर बाबांना हवं ते माझ्यामुळे मिळालं असतं. कसंही झालं तरी जिंकणार होते मीच. इतका नीट विचार मी त्यानंतर आयुष्यात कशाचा केला नाही.

विमल खोक्यांमध्ये उभी राहिली. शपथ तिनं खाली बघून, हळू, प्रत्येक शब्द तोंडात ठेवून घेतली. मी मोटरचे प्रश्न विचारले. तुम्ही कुठे राहता, विहीर किती लांब आहे. तिनं या वेळी भूमिका बऱ्यापैकी निभावली, बाबांनी तिला आधी समजावलं होतं की हे शेजारणीचं बोलणं आहे, तुझं नाही. ती मध्येच माझ्याकडे बघून थोडी हसली सुद्धा. मग मी विचारलं,

'विमल, शनिवारी तुझ्या घरी जेवायला कोण येतं?'

मी 'तुम्ही' म्हटलं नाही. शेजारणीला विचारलं नाही. तिला विचारलं, आणि तिला ते कळलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात, निदान तेव्हा नव्हता. आपण दोघी ज्या वाटेनं रोज जातो तिथे अचानक खड्डा दिसावा आणि सोबतीण वाट दाखवेल म्हणून तिच्याकडे बघावं, तसं काहीतरी. न्यायाधीश झालेलं पोर खुर्चीत पाय हलवत होतं. बाबा काहीतरी लिहीत होते, त्यांनी मान वर केली, पण प्रश्न त्यांच्या डोक्यात उतरायला एक क्षण लागला. विमलचे ओठ हलत होते. ती शपथेचेच शब्द परत म्हणत होती असं मला आजही वाटतं.

'सुधा येती,' ती म्हणाली. मग, 'आन दादा.'

बाबा उठले. 'हा प्रश्न खटल्याशी संबंधित नाही,' असं ते म्हणाले, मोठ्यानं, कोर्टात म्हणतात तसं. पण मागच्या बाकावर हवालदारांनी कप खाली ठेवला होता. आवाज न करता, बशीत. टोपी घातली आणि बाहेर गेले. बाबा त्यांच्या मागे दारापर्यंत गेले आणि तिथे थांबले. ते हवालदारांना हाक मारू शकले असते. काय म्हणून मारणार? ते सरकारी वकील होते आणि हवालदार त्यांचं काम करायला निघाले होते. दारात उभ्या असलेल्या बाबांची पाठ मला दिसत होती. थोड्या वेळानं गल्लीतून आरडाओरडा ऐकू आला, एक भांडं पडल्याचा आवाज, मग विमलच्या आईचा आवाज. पोरं खिडक्यांकडे धावली. विमल तिथेच उभी होती, खोक्यांच्या मध्ये, दोन्ही हात खोक्यांच्या कडांवर ठेवून. साक्षीदारानं सांगेपर्यंत खाली उतरायचं नसतं, हे बाबांनीच शिकवलं होतं, आणि तिला कुणी उतर म्हटलं नव्हतं. शेवटी बाबांनी परत येऊन खोकी स्वतः बाजूला केली. 'ये बाळ,' म्हणाले. ती त्यांच्या बाजूनं निघून गेली. माझ्या बाजूनंही गेली. तिच्या वेणीचं टोक माझ्या हाताला लागलं.

उत्तमला भरल्या ताटावरून उचललं. हे मी पाहिलं नाही, पण हे ऐकलेलं असूनही माझंच आहे.

परतीच्या वाटेवर, द्वारकेच्या चौकात स्कूटर थांबली तेव्हा बाबा म्हणाले, 'चूक माझी आहे. शपथ द्यायला नको होती.' मी वाट पाहत होते. 'सुधा येती' हे त्यांनीही ऐकलं होतं. आता विचारतील, तू तिथे काय करत होतीस, तुला माहीत होतं का, तो प्रश्न तुला कुणी लिहून दिला. जेवायला बसलो तेव्हाही वाट पाहिली. ज्या माणसानं माझ्या प्रत्येक दिवसाची उलटतपासणी घेतली, त्यानं त्या दिवसाबद्दल एक प्रश्न विचारला नाही. आईनं मला वाढलं आणि वाढता वाढता माझ्या हातांकडे पाहिलं. पुढच्या शनिवारी बाबा शाळेत गेले. वर्गात कुणी नव्हतं. खोकी बाजारवाल्यांनी परत नेली होती. बाबा रिकाम्या वर्गात बराच वेळ बसून आले, आणि मुलांचं कोर्ट तिथे संपलं. तो खटला त्यांनी स्वतःकडे ठेवला नाही, दुसऱ्या सहकाऱ्याकडे दिला.

मध्यवर्ती तुरुंग नाशिक रोडलाच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसचा थांबा होता, आणि भेटीच्या दिवशी विमल आणि तिची आई तिथे उतरायच्या. पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मला वाटलं आमच्याकडेच येताहेत, आणि मी खिडकीच्या आड सरकले. हातात कापडात बांधलेला डबा असायचा. दुपारी परत यायच्या तेव्हाही डबा तसाच बांधलेला. घरचं आत घेत नसावेत, किंवा त्यांना ते देणं जमत नसावं. मग बस येईपर्यंत थांब्यामागच्या कडुनिंबाखाली बसून दोघी तोच डबा उघडून खायच्या. विमलनं शाळा सोडली होती हे तिच्या साडीवरून कळत होतं, कुणाची तरी जुनी साडी, दुमडून नेसलेली. तिनं एकदाही आमच्या खिडकीकडे पाहिलं नाही. तिला घर माहीत होतं, मीच खुणा सांगितल्या होत्या.

एका दुपारी आई उठली, तांब्या भरला, आणि जिना उतरली. मी खिडकीतून पाहत होते. तिनं रस्ता ओलांडला आणि विमलच्या आईपुढे पाणी धरलं. विमलच्या आईनं वर पाहिलं. काहीतरी बोलणं झालं, मला ऐकू आलं नाही. मग आई खाली बसली, तिथेच, मातीत, पदर सावरून. विमलच्या आईनं डबा तिच्यापुढे सरकवला. आणि माझ्या आईनं, जिनं आयुष्यात कुणाच्या वाणाचा आरसासुद्धा घरी आणला नव्हता, भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. विमलनं तोंड फिरवलं होतं. आई परत आली तेव्हा तिच्या बोटांना लसणाचा वास होता. तिनं ती धुतली नाहीत. ती माझ्याशी त्याबद्दल बोलली नाही, बाबांशीही नसावी. मला 'चल' असंही म्हणाली नव्हती, आणि मी किती वर्षं त्याचाच आधार घेत आले, की मला कुणी चल म्हटलं नाही. रस्ता ओलांडायला कुणी म्हणावं लागतं का?

उत्तमला शिक्षा झाली. जखमी हमाल वाचला, पण पुन्हा ओझं उचलू शकला नाही. त्याची बायको मग पायरीवर यायची थांबली. उत्तम आत असतानाच त्या दोघी सिन्नरकडे परत गेल्या, कारखान्यांच्या वसाहतीत काम मिळालं असं कुणीतरी बाबांना सांगितलं. भेटीच्या दिवसांना खिडकीत उभं राहायची सवय मात्र मला लागली ती लागलीच. मी वकील झाले नाही. रक्तपेढीत नोकरी केली. तिथे कुणाला काही विचारावं लागत नाही, नळी उजेडाला धरली की रक्तगट कळतो. सहकारी चांगले मिळाले, नवरा चांगला मिळाला. तरी कुणी जवळ येऊन दंडाला दंड लावून बसलं की मी उठून काहीतरी आणायला आत जाते. तो माझा स्वभाव आहे असं घरात सगळे समजतात.

बाबांचं शेवटचं वर्ष माझ्याकडे गेलं. आई आधीच गेली होती. त्यांना खिडकीजवळची खाट लागायची. संक्रांतीच्या दिवशी सकाळी मी तिळाच्या वड्या केल्या, गूळ थोडा कडक झाला होता, आणि एक वडी त्यांच्या हातावर ठेवून नमस्कार केला. निवृत्त झाल्यापासून ते तिळगूळ खायचे. अगदी मुलासारखे, चघळत. त्या दिवशी त्यांनी वडी हातात धरून ठेवली.

'सुधा,' ते म्हणाले, 'त्या पोरीला तू तो प्रश्न विचारलास. तो घरी असतो हे तुला आधी माहीत होतं?'

कोणती पोरगी, कोणता प्रश्न, हे त्यांनी सांगितलं नाही. मला विचारावंही लागलं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी तो प्रश्न एकदाही काढला नव्हता, आणि आता काढला तो उत्तर माहीत नाही म्हणून नव्हे, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. मी ते उत्तर देण्याची वाट ते पाहत होते. मी त्यांच्या पायांवरची शाल सारखी केली.

'आठवत नाही, बाबा.'

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात लांब केला, मला वाटलं माझ्या डोक्यावर ठेवतील. त्यांनी तिळाची वडी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून निजले. दुपारपर्यंत मुंग्या आल्या. मी फडकं ओलं करून आणलं, पण कट्टा पुसायला माझा हात झाला नाही.